पांढरा राखताना

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग ट्यूबमधून येत नाही, तो कागदाचाच असतो. एकदा त्यावर रंग चढला की तो पहिल्यासारखा क्वचितच परत मिळतो. म्हणून काय रंगवायचं याच्या आधी काय सोडायचं, हे ठरवावं लागतं.

समोरच्या चित्रात तळ्याचं गडद पाणी आहे आणि पुढे गवताची उजळ पाती. प्रत्येक पात्याला वळसा घालत पाणी रंगवायला गेलं, तर पाण्याचे तुकडे पडतात. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात वरून खाली उतरायला हवा. मध्येच हात थांबला की कड वाळते आणि तिचा डाग राहतो. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणारा द्रव, लागतं ते इथे. ते पाती वाचवतं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाणी रंगवताना हात मोकळा राहतो.

बाटलीत असतो तो बहुधा रबराचा चीक. तो आतच थिजू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात; झाकण उघडताच नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. कागदावर लावल्यावर पाणी उडून जातं, रबराचे कण एकमेकांना धरतात आणि पातळ पापुद्रा तयार होतो. त्याच्याखाली रंग पोचत नाही.

पांढरा राखण्याची धडपड मात्र जुनी आहे. इंग्रज चित्रकार टर्नर वाळलेला रंग खरवडून उजेड बाहेर काढत. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी काही जलरंगांत मेण वापरलं. मेण पाणी झटकतं, पण ते कागदात कायमचं राहतं आणि तिथे पुढे रंग धरत नाही. रबर सोलून काढता येतं आणि खालच्या कागदावर पुन्हा काम करता येतं. रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असेल, तर मात्र मेणच बरं.

बाटली जोरात हलवू नका. बुडबुडे होतात, वाळताना फुटतात आणि त्या छिद्रांतून रंग आत शिरतो. चांगला सेबल ब्रश (प्राण्याच्या मऊ केसांचा) तर यात कधीच बुडवू नका. जुना सिंथेटिक ब्रश आधी साबणात घोळवून घ्या, म्हणजे चीक केसांच्या मुळाशी बसत नाही. गवताच्या बारीक रेघांसाठी रूलिंग पेन (दोन धातूच्या टोकांमध्ये द्रव धरून रेघ ओढणारं) उत्तम. ब्रशपेक्षा रेघ स्वच्छ येते.

कागद पूर्ण कोरडा हवा. ओल्या कागदात चीक तंतूंमध्ये मुरतो आणि निघताना कागदाचा थर सोबत घेऊन येतो. हेअर ड्रायरची घाई इथे महागात पडते, कारण उष्णतेनं रबर कागदाला घट्ट धरतं. पापुद्रा दिवसेंदिवस तसाच ठेवला तरी तेच होतं. शिवाय प्रत्येक कागदाचं सायझिंग, म्हणजे त्याला दिलेली खळ, वेगळं असतं. मऊ कागद फाटतो, म्हणून आधी एका कोपऱ्यात लावून, काढून पाहावं.

वॉश आतपर्यंत वाळला की बोटानं किंवा क्रेप रबरानं (खोडरबरासारख्या रबराच्या तुकड्यानं) हळूहळू घासत पापुद्रा गोळा करायचा. पाती दिसू लागतात, आणि खरं काम इथून पुढे असतं. आत्ता त्यांच्या कडा सगळीकडे सारख्याच धारदार आहेत. कात्रणं चिकटवावीत तशी ती पाण्यापासून सुटी दिसतात. पुष्कळ चित्रं इथेच सोडून दिली जातात, याचं वाईट वाटतं. ओलसर ब्रशनं काही कडा मऊ करायच्या, पात्यांची बुडं पाण्यात विरघळू द्यायची, दोन-चार पाती चक्क पुसट करायची. मग उरलेल्या पांढऱ्यावर फिकट हिरवा, पिवळा.

आणखी एक रीत आहे, मला ती जास्त आवडते. आधी सगळीकडे फिका पिवळसर हिरवा वॉश द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग मास्किंग करायचं. पापुद्रा निघताना थोडा रंग उचलला जातो, तेवढा धरूनच पहिला वॉश किंचित गडद ठेवायचा. त्यावर पाण्याचा गडद वॉश दिला की पाती मुळातच रंगीत निघतात आणि नंतर भरल्यासारखी वाटत नाहीत.