एका कान्याचं अंतर

नमस्कार श्रोतेहो.

जपानी शिकायला घेतलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक प्रश्न घोटून घेतात. शेवटी ‘ई देस् का’ येतं. आत आले तर चालेल का? इथे बसले तर चालेल का? खिडकी उघडली तर चालेल का? अदबीनं परवानगी मागण्याची ही रीत. पुण्यात जपानीचे वर्ग काही कमी नाहीत, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी ओठांवर ते शब्द आत्ता आलेही असतील.

मला हाच प्रश्न वर्गाबाहेर पहिल्यांदा भेटला तो एका गाण्यात. एक बाई विचारत होती, “अहो, मी मेले तर चालेल का?”

‘अहो’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मुळात तिथे ‘आनाता’ आहे. कोशात त्याचा अर्थ ‘तुम्ही’ असा दिलाय, पण जुन्या वळणाची जपानी बायको नवऱ्याला हाक मारते ती ‘आनाता’ अशीच. नाव न घेता मारलेली हाक. आपल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

ते गाणं होतं ‘किता नो यादो कारा’. उत्तरेकडच्या मुक्कामावरून. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर ‘मुक्काम’ लिहायचे ना, तसंच, कारण गाणं सुरूच होतं पत्रासारखं. तुमचं बरं आहे ना? इकडे थंडी रोज वाढते आहे. आणि मग ती सांगते की मी स्वेटर विणते आहे, जो तुम्ही कधीच अंगात घालणार नाही. गायिका मियाको हारुमी, कवी आकू यू, संगीत कोबायाशी आसेई. १९७६ सालचं जपान रेकॉर्ड पारितोषिक या गाण्याला मिळालं.

या जातीच्या गाण्यांना ‘एन्का’ म्हणतात. शब्दाचा इतिहास मजेदार आहे. १८८०च्या दशकात लोकहक्कांची चळवळ चालू असताना सरकारनं भाषणांवर बंधनं आणली, तेव्हा कार्यकर्ते भाषणंच चालीवर म्हणू लागले. एन्का म्हणजे भाषणाचं गाणं. आणि मी बसले आहे गाण्यांवर भाषण करायला! पुढे त्यातलं राजकारण गळून गेलं. आज आपण ज्यांना एन्का म्हणतो, त्या दारू, पाऊस, बंदरं, सुटलेली गाडी आणि सुटलेला माणूस यांच्या गाण्यांसाठी हे नाव रुळलं १९६०च्या दशकाच्या अखेरीस.

कानाला ती परकी वाटत नाहीत, याचं कारण स्वरांत आहे. यात बरेचदा मध्यम आणि निषाद वगळलेले असतात. शुद्ध स्वर घेतले की तो थेट आपला भूप. उदास गाण्यांत मात्र गंधार आणि धैवत कोमल होतात. शिवरंजनीचा धैवत कोमल करून गुणगुणून बघा, थोडंफार तिथे पोचाल. शिवाय ‘कोबुशी’ असते, म्हणजे स्वर लांबवता लांबवता गळ्यानं मारलेली छोटी गिरकी. आपल्या मुरकीची चुलत बहीण म्हणा. मुरकी लाडिक होऊ शकते. कोबुशीत हुंदका दाबल्यासारखं काहीतरी असतं.

आता खरी गोष्ट. बाईच्या काळजातली म्हणून गाजलेली ही गाणी बहुतेक पुरुषांनी लिहिली आहेत. गायिका मिसोरा हिबारी यांचं ‘कानाशिई साके’, म्हणजे दुःखी दारू, घ्या, १९६६चं. एकटी बाई दारूच्या पेल्याशी बोलते आहे. कवीचं नाव इशिमोतो मियुकी. नाव बाईचं वाटतं, पण ते गृहस्थ होते. संगीतकार कोगा मासाओ. आणि गाणारेही कधी कधी पुरुषच! त्याच १९६६ साली मोरी शिनइची नावाच्या कोवळ्या पोरानं ‘ओन्ना नो तामेइकी’, म्हणजे बाईचा सुस्कारा, असं गाणं घोगऱ्या आवाजात गाऊन पदार्पण केलं. २००८ मध्ये तर अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा जेरो, आजी जपानी आणि कपडे हिप-हॉपवाल्यांचे, बर्फाळ समुद्राकाठच्या विरहिणीचं गाणं गात आला आणि वर्षअखेरीला राष्ट्रीय वाहिनीच्या मंचावर उभा राहिला.

लावणीतल्या नायिकेचे बोल होनाजी बाळा आणि राम जोशी यांनीच लिहिले आणि बालगंधर्वांच्या पदराकडे बायका पाहत राहिल्या, तेव्हा आपण फार चकित होऊ नये. पण प्रश्न उरतोच. हे मन कुणाचं? बाईनं असं झुरावं, असं पुरुषाला वाटतं, ते तर हे नव्हे? स्वेटर विणणारीवर तेव्हाही काहींनी नाक मुरडलं होतं. काय ही शरणागती!

मला तसं वाटत नाही. नीट ऐका. स्वेटर विणता विणता ती स्वतःच म्हणते, बाईच्या मनाचं ‘मिरेन’ असावं हे. मिरेन म्हणजे तुटलेल्या गोष्टीतून जीव न निघणं. जी बाई आपल्या दुखण्याचं नाव स्वतः घेते, ती त्यात पुरती बुडालेली नसते. ती एक पाऊल मागे उभी राहून स्वतःकडे पाहते आहे. आणि मरायची परवानगी ज्याला विचारते आहे तो समोर नाहीच.

हारुमीबाईंनी स्वतःच्या आयुष्यात परवानगी मागितली ती वेगळीच. लोकप्रियता टिकून असताना, १९८४ साली, त्यांनी जाहीर केलं की मला आता चारचौघींसारखी साधी बाई व्हायचंय. आणि वर्ष संपताना खरोखर गाणं थांबवलं. काही वर्षांनी परतल्या, तो भाग वेगळा. पण हे वाक्य कुण्या कवीनं लिहून दिलेलं नव्हतं.

दुसरी गायिका इशिकावा सायुरी. १९७७च्या १ जानेवारीला त्यांचं ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’, म्हणजे त्सुगारु सामुद्रधुनीचं हिवाळी दृश्य, बाजारात आलं तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. कवी पुन्हा आकू यू, संगीत मिकी ताकाशी. तोक्योच्या उएनो स्थानकावरून रात्रीची गाडी सुटते आणि ओळ संपेपर्यंत आपण आओमोरीच्या बर्फात उतरलेलोही असतो. सातशेवर किलोमीटर दोन श्वासांत! त्या पहिल्या ओळीचे शब्द तीन-तीन मात्रांच्या तुकड्यांत पडत जातात, रुळांचे सांधे मोजल्यासारखे. उतरलेली माणसं गप्प आहेत, फक्त समुद्राचा आवाज. ती एकटीच उत्तरेच्या होक्काइदो बेटाकडे जाणाऱ्या बोटीत चढते. गारठलेले समुद्रपक्षी पाहून तिला रडू येतं. तक्रार नाही, त्याच्याबद्दल एक वाईट शब्द नाही. येते मी, घरी जाते, इतकंच. विचारणं संपलंय, आता ती सांगते आहे.

आणि मग १९८६. गायिका त्याच, गाणं ‘आमागी-गोए’, म्हणजे आमागी ओलांडताना, शब्द योशिओका ओसामु यांचे, संगीत गेन तेत्सुया यांचं. इझू द्वीपकल्पातला आमागी घाट, जोरेनचा धबधबा, वासाबीचे वाफे, बोगदा. सोबतच्या पुरुषाला लपवता न येणारा एक सुगंध चिकटला आहे आणि तो तिच्या नाकानं टिपला आहे. मग सूर चढवण्याआधी, अगदी खालच्या आवाजात ती म्हणते की दुसऱ्या कुणी तुम्हाला चोरून न्यायचं असेल, तर त्यापेक्षा... आनाता... मी तुम्हाला मारलं तर चालेल का?

तोच ‘आनाता’. तेच ‘ई देस् का’. वर्गात शिकवलेलं तेच अदबशीर व्याकरण. मरू का आणि मारू का. मराठीत एका कान्याचं अंतर, तिथे दहा वर्षांचं.

लिहिणारे पुरुषच होते, हो. पण ती ओळ सायुरीबाई ज्या शांतपणे टाकतात, तो शांतपणा कागदावर लिहून देता येत नाही. कारुण्यानं ओथंबलेल्या चालीत क्षणभर कोबुशी थांबते आणि सभागृहात सुई पडली तरी ऐकू यावी असं होतं. ३१ डिसेंबरच्या रात्री जपानात ‘कोहाकु’ नावाचा गाण्यांचा सामना प्रसारित होतो, बायका लाल संघात, पुरुष पांढऱ्या. बरं वाटेल ऐकून, १९५१ साली तो सुरू झाला रेडिओवरच. तिथे कित्येक वर्षं सायुरीबाई एका साली त्सुगारु गायच्या, पुढच्या साली आमागी. एका वर्षी निघून जाणारी, एका वर्षी मारायला निघालेली. लोक दोघींचीही वाट पाहतात.

आओमोरीची ती बोट आता नाही. १९८८च्या मार्चमध्ये समुद्राखालून सेइकान बोगदा सुरू झाला, जवळजवळ ५४ किलोमीटरचा, आणि होक्काइदोला जाणारी ती रेल्वेची फेरी बंद पडली. गाण्यात कुणी अनोळखी माणूस त्या बाईला हात करून सांगतो की ते बघा तात्पी, उत्तरेचं टोक. त्या तात्पीच्या कड्यावर आज या गाण्याचा शिलालेख आहे. त्यावरचं बटण दाबलं की गाणं मोठ्यानं सुरू होतं, समोर सामुद्रधुनी आणि अंगावर धड उभं राहू न देणारा वारा. खालून, समुद्राच्याही खालून, गाडी जात असते.