२७ फेब्रुवारीला वामनदादाही
(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार.

मी नाशिकची. पंचवटीत वाढले, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि सध्या मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. चिटणीसबाईंनी सांगितलं, नाशिकच्या संस्कृतीवर बोला. मिसळ, द्राक्षं, येवल्याची पैठणी तुम्हाला ठाऊकच आहे. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) धप्पा मारलेले दोघंतिघं तर समोरच बसलेत, मघाशीच ओळख झाली. तेव्हा ते सगळं बाजूला ठेवते. मला बोलायचंय ते २७ फेब्रुवारीबद्दल.

तुमचा भाषा दिनाचा कार्यक्रम मी मागच्या रांगेत बसून पाहिला. सात-आठ वर्षांची एक मुलगी कुसुमाग्रजांची कविता म्हणत होती. समोरचे दोन दात पडलेले, पण 'ळ' इतका स्वच्छ की माझे डोळे भरून आले. घरी परतताना मात्र एक गोष्ट मनात खुपत राहिली. आपण ज्यांचा वाढदिवस भाषा दिन म्हणून साजरा करतो ते कुसुमाग्रज (नाशकात त्यांना आम्ही तात्यासाहेबच म्हणतो) विसाव्या वर्षी काय करत होते, हे त्या मुलांना कुणीच सांगितलं नाही. तेव्हा ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात उतरले होते, अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या. साल १९३२.

काळाराम माझ्या माहेरापासून पाच मिनिटांवर. काळ्या दगडाचं देऊळ, उंच तट, चार दिशांना चार दारं. लहानपणी आम्ही त्या ओवऱ्यांत लपाछपी खेळलो, उन्हाळ्यात फरशीच्या गारव्यावर पाय पसरून बसलो. आत जाताना आम्हाला कधी कुणी काही विचारलं नाही, आणि म्हणून तो प्रश्नच कधी आमच्या डोक्यात आला नाही. २ मार्च १९३० ला त्याच दारांसमोर माणसं बसली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह पुकारला होता, नाशकातली धुरा दादासाहेब गायकवाडांनी उचलली होती. देवळाची दारं लावून घेतली गेली, तेव्हा सत्याग्रही चारही दारांशी बसून राहिले. त्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा वर्षानुवर्षं रेटला, दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी आमच्याच जिल्ह्यात, येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पैठणीचं येवला म्हणतो ना आपण, तेच हे येवला.

तात्यासाहेबांच्या कवितेतली आग कुठून आली, असं मुलांनी विचारलं तर त्या दारापाशी बोट दाखवायला हवं. नुसती कविता पाठ करून घेतली तर आपण त्यांना अर्धेच तात्यासाहेब दिले.

आता दुसरं नाव. आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डक. इथे किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. चार. बरं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. कुसुमाग्रजांपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि एकाच जिल्ह्यातले. पोट भरायला मुंबईला गेले, शिवडीच्या चाळीत राहिले. तिथे कुणीतरी पत्र पुढे केलं, वाचून दाखवा म्हणून. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. त्यांना रडू कोसळलं. मग एका मास्तरांकडून ते मुळाक्षरं शिकले, आणि जोडाक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. भाषेवर प्रेम करणं म्हणजे काय, हे मी वर्गात सांगायची तेव्हा मला हा पाट्या वाचत रस्त्याने चालणारा तरुण दिसायचा. पुढे त्यांनी हजारांनी गाणी लिहिली, गावोगाव जाऊन गायली. ती ऐकून लोक आपली पोरं शाळेत घालत. २००४ साली दादा गेले.

आठवीत असताना आमच्या स्नेहसंमेलनाच्या निवड चाचणीत माझ्या वर्गातल्या एका मुलीने वामनदादांचं गाणं म्हटलं होतं. काय आवाज होता! बाकावर बोटांनी ठेका धरून गायली, सगळा वर्ग गप्प. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण हे आंबेडकर जयंतीला म्हण. इथे काहीतरी सांस्कृतिक हवं." ती जागेवर येऊन बसली. मी शेजारीच होते. एक शब्द बोलले नाही. माझं नाट्यगीत निवडलं गेलं. 'सांस्कृतिक' हा शब्द मला तेव्हापासून टोचतो.

तो शब्द अजून तसाच वापरला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये नाशकात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, चौऱ्याण्णवावं, आणि त्याच दिवसांत त्याच शहरात त्याला पर्याय म्हणून विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. मी दोन्हीकडे गेले. दोन्ही मांडवांत मराठीच, दोन्हीकडे पुस्तकांवर वाकलेली माणसं. एका मांडवातले चेहरे मला दुसऱ्या मांडवात फारसे दिसले नाहीत. वाद असावेत, दोन संमेलनंही असावीत; विद्रोहींनी आपला वेगळा मांडव घातला, त्याला कारणं आहेत आणि ती मला पटतात. दुःख याचं, की आमच्यासारखे बहुतेक लोक दुसरा मांडव बघायलाही जात नाहीत.

इथे परदेशात जातीचा विषय कशाला, असं मला चहाच्या वेळी एक गृहस्थ प्रेमानेच म्हणाले. त्यांना मी सांगितलं तेच सांगते. तो विषय इथे येऊन पोचलेला आहे. सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, आणि त्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते सही न करता परत पाठवलं. आपली माणसं दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलली. मग मंडळात तेवढं बोलायचं नाही, असं कसं चालेल? आडनाव ऐकल्यावर "गाव कुठलं?" हा आपला पुढचा प्रश्न कशासाठी असतो, हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि ज्याला विचारलं जातं त्यालाही. काही मराठी कुटुंबं मंडळात येतच नाहीत. का येत नाहीत, हे त्यांच्या घरी जाऊन विचारायला हवं. माझी तयारी आहे, कुणी सोबत येणार असेल तर.

आणि येत्या २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या कवितांसोबत वामनदादांची दोन गाणी व्हावीत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. तेव्हा मी नाशकात असेन, पण गाणी आत्ताच मुलांकडून बसवून घेते. मला चाली येतात. वर्गातल्या त्या मुलीकडूनच शिकले, नंतर, खूप उशिरा. पेटी माझी मुलगी वाजवेल. ढोलकी कुणाकडे आहे का, तेवढं जेवणाच्या वेळी मला येऊन सांगा.