‘धा’ दोन ओळींत : मुलांसाठी लाइव्ह कोडिंगचा पहिला तास

[कॅमेऱ्याकडे बघत]

ठाण्यातल्या कुठल्याही शाळेत विचारून बघा, "ढोल कोण कोण वाजवतं?" काही हात तरी वर होतातच. पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोल-ताशा, शाळेत लेझीम, घरी आरतीला टाळ. ही मुलं लयीत आधीच मुरलेली असतात. म्हणून त्यांना कोडिंग शिकवायचं तर तालापासून शिकवा, असं माझं ठाम मत आहे.

आज आपण वापरतोय सोनिक पाय, म्हणजे कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर. केंब्रिज विद्यापीठात सॅम ॲरन यांनी २०१२ मध्ये ते शाळांसाठीच बनवायला घेतलं. विंडोज, मॅक, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, सगळीकडे चालतं आणि मोफत आहे. लाइव्ह कोडिंग म्हणजे संगीत वाजत असतानाच प्रोग्राम बदलत जायचं. लाइव्ह लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा कोडचा तुकडा, फिरतोय, तुम्ही एक ओळ बदलली, पुन्हा रन दाबलं, की पुढच्या फेरीत बदल ऐकू येतो.

बरेच जण पहिल्या तासाला ‘प्ले ६०’ लिहायला लावतात. मधला सा वाजतो, ठीक आहे. पण सोनिक पायमध्ये तबल्याचे बोल आधीपासून दिलेले आहेत, आणि खरी गंमत तिथे आहे.

[पडद्यावर कोड]

ही बघा पहिली ओळ, ‘घे’चा सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. खाली दुसरी, ‘ना’चा सॅम्पल. रन करू. मुलांना वाटतं, आधी घे, मग ना. ऐका... ‘धा’! दोन्ही एकदम वाजले. तबलजी तेच करतो: डावा घे, उजवा ना, मिळून धा. आता दोन ओळींच्या मधे ‘स्लीप १’ लिहा, म्हणजे एक मात्रा थांब. घे... ना. सुटे झाले.

इथे जरा थांबा, घाई करू नका. कॉम्प्युटर ओळी वरून खाली वाचतो, पण सांगितल्याशिवाय थांबत नाही. दोन बोलांमधली जागा आपणच लिहायची असते. तबला शिकणाऱ्या मुलाला हे पटकन कळतं, कारण मात्रा मोजायची सवय त्याच्या बोटांना असते. लूपमध्ये स्लीप अजिबातच नसेल, तर सोनिक पाय तक्रार करतो आणि तो लूप बंद पडतो. वर्गात हे मुद्दाम करून दाखवा.

आता केरवा ताल. धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा. पाचव्या मात्रेला, म्हणजे तालातल्या ‘खाली’च्या जागेला, घेची ओळ नाही, डाव्याची घुमक गेली. मुलांना ती ओळ घालून ऐकू द्या, मग काढून ऐकू द्या. खाली म्हणजे काय, ते कानांनीच कळेल. दुगुन, म्हणजे दुप्पट लय हवी? सगळे स्लीप निम्मे करा. चलाख मुलं बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा तो आकडा, ६० चं १२० करून एका ओळीत काम उरकतात. त्यांना शाबासकी द्या, प्रोग्रामिंग हेच आहे.

हेडफोन नकोत. दोघांत एक कीबोर्ड, वर्गात एकच स्पीकर आणि कोड प्रोजेक्टरवर. लिहिताना कंस चुकला तर एरर येतो, पण आधीचा लूप वाजतच राहतो. लय तुटत नाही, त्यामुळे मूल घाबरत नाही, वाजत्या तालातच चूक शोधतं.

शाळेच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नसतील, तर स्ट्रुडेल हे लाइव्ह कोडिंगचं दुसरं साधन बघा. ते ब्राउझरमध्येच चालतं. मात्र त्याची भाषा वेगळी आहे, त्यामुळे आजचा कोड तिथे जसाच्या तसा चालणार नाही.