रेंज मिळते ती जागा

(दृश्य: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार. पाऊस. छत्र्यांचं कोंडाळं.)

जून २०२०. शाळा सुरू झाली, पण शाळेत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत पोरं दप्तराऐवजी छत्री घेऊन डोंगर चढू लागली. वर सड्यावर, जांभ्याच्या एका ठरावीक दगडापाशी रेंजच्या दोन काड्या यायच्या. दोन पावलं डावीकडे सरकलं, की बाई गोठल्या.

म्हणजे स्क्रीनवर.

तोवर वर्गात मोबाईल सापडला तर जप्तच व्हायचा. ‘दीक्षा’ हे सरकारचं ऑनलाइन धड्यांचं अ‍ॅप २०१७ पासून होतं, पुस्तकांत क्यूआर कोडही छापलेले होते. पण रेंज नसलेल्या घरात तो चौकोन म्हणजे नुसती ठिपक्यांची रांगोळी. धडा आधी डाउनलोड करून ठेवता येतो, हे आम्हाला भेटलेल्या पालकांना ठाऊकच नव्हतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. बाई, फोन कानाशी.)

या बाईंनी लाइव्ह ऑनलाइन वर्गाचा नाद सोडला. घरात मोबाईल एक, आणि तो बाबांबरोबर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामावर. सकाळी दहाला वर्गात बसणार कोण? मग त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवू लागल्या. एक कविता म्हणायची, दोन प्रश्न विचारायचे, झालं. व्हिडिओच्या मानाने डेटा चिमूटभर. पोरांनी संध्याकाळी ऐकायचं, वाचून परत पाठवायचं. वर्गात मान वर न करणारं पोर इथे घडाघडा बोललं. कुणी ‘मला’च्या जागी कोकणीतलं ‘म्हाका’ म्हणालं, तरी बाईंनी टोकलं नाही. आधी बोलू तरी दे, म्हणाल्या.

(दृश्य: आयटीआयचं वर्कशॉप. उघडलेली मोटर.)

शाळा पुन्हा भरल्या, फोन पुन्हा कपाटात गेले. इथे मात्र तो हाताशीच राहिला. जळालेली मोटर उघडली की आधी फोटो, कुठली वायर कुठे गेलीय त्याचा. मगच जुनं वाइंडिंग काढायचं. पूर्वी हे वहीत उतरवायचे, तेलकट बोटांनी. जोडणी चुकली की मोटर उलटी फिरायची. रील्स बघायलाही हाच फोन, हे इथले सर लपवत नाहीत.

(दृश्य: पुन्हा बाईंचं घर.)

त्या पावसाळ्यातली रेकॉर्डिंग बाईंनी पुसलेली नाहीत. एक लावून दाखवतात. तिसरीतली मुलगी, अडखळत वाचतेय. मागे कौलांवर पाऊस. मध्येच बाबांची घाई: ‘‘बेगीन कर गो, म्हाका फोन येतलो.’’

ती थांबत नाही. ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचते.