गोर्नो-बदख्शान: अर्धा देश, मूठभर माणसे

नमस्कार. पडद्यावरच्या नकाशात ताजिकिस्तानचा जो पूर्वभाग वेगळ्या रंगात दिसतो आहे, तो गोर्नो-बदख्शान हा स्वायत्त प्रांत. 'गोर्नो' म्हणजे रशियन भाषेत डोंगराळ, आणि या नावात अतिशयोक्ती नाही. सुमारे 64,000 चौरस किलोमीटरचा हा प्रदेश देशाच्या जवळजवळ 45 टक्के, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश भरतो; लोकवस्ती मात्र सव्वादोन लाखांच्या आसपास आहे.

ही वस्तीही सारखी पसरलेली नाही. पश्चिमेला पंज नदी आणि तिच्या उपनद्यांनी पामीरमध्ये खोल दऱ्या कोरल्या आहेत. उतारावरून खाली आलेल्या गाळाच्या छोट्या पट्ट्यांवर पाट काढून लोक गहू, बटाटे, जर्दाळू आणि तुती पिकवतात. प्रांताची राजधानी खोरोग अशाच एका दरीत, सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे. पूर्वेचा मुरगाब जिल्हा मात्र 3,500 मीटरच्या वरचे पठार आहे. तिथे वर्षाकाठी 100 मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, शेती होत नाही आणि याक व मेंढ्या पाळणारे किरगीझ लोक राहतात. प्रांताची निम्म्याहून अधिक जमीन या एका जिल्ह्यात आहे, आणि तिथे दर माणसामागे दोन चौरस किलोमीटरहून जास्त जागा निघते.

पश्चिमेकडच्या पामिरी लोकांना सरसकट ताजिक म्हणणे मला बरोबर वाटत नाही. त्यांच्या शुग्नी, रुशानी, वाखी या भाषा पूर्व इराणी शाखेतल्या, तर ताजिक ही फारसीची बहीण. म्हणून शाळेत आणि कचेरीत पामिरी माणसाला दुसरीच भाषा वापरावी लागते. धर्माने बहुतेक पामिरी इस्माइली शिया आहेत आणि आगाखानांना इमाम मानतात. याच परंपरेतील पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले होते आणि माझगावात त्यांची कबर आहे.

पंज नदीच्या पलीकडे अफगाणिस्तानातही शुग्नी आणि वाखी बोलणारी गावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांनी सीमा आखताना ही नदी धरली. आपल्या दोन साम्राज्यांची हद्द एकमेकींना भिडू नये म्हणून त्यांनी दक्षिणेला वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानकडे ठेवली. नकाशावर ती सोयीची होती, पण एकाच दरीतले नातलग मात्र दोन राज्यांत विभागले गेले.

1925 मध्ये सोव्हिएत सत्तेने या भागाला स्वायत्त प्रांताचा दर्जा दिला, आणि तेव्हापासून हा प्रदेश बाहेरून येणाऱ्या धान्यावर आणि इंधनावर तगून राहिला. शेजारच्या किर्गिझस्तानातील ओश शहरातून मुरगाबमार्गे खोरोगला येणारा पामीर महामार्ग 4,655 मीटर उंचीची अक-बैताल खिंड ओलांडतो. सोव्हिएत संघ कोसळला आणि 1992 ते 1997 या काळात यादवी युद्ध पेटले, तेव्हा हा पुरवठा तुटला. 1993 पासून आगाखान संस्थांनी पाठवलेल्या अन्नामुळे प्रांत उपासमारीतून सावरला. कोळसा येईनासा झाल्यावर मुरगाबचे लोक तेरेस्केन हे खुरटे झुडूप मुळासकट उपटून चुलीत घालू लागले. हे झुडूप अतिशय सावकाश वाढते आणि जनावरांचा चाराही तेच आहे, त्यामुळे घर उबदार ठेवायचे तर कुरण उघडे पडते.

आता कारभाराकडे वळू. प्रांतात खोरोग शहर आणि सात जिल्हे आहेत. प्रांताची लोकप्रतिनिधी सभा आहे, आणि तिच्या संमतीवाचून प्रांताची हद्द बदलता येत नाही, असे देशाची राज्यघटना सांगते. प्रांतप्रमुखाची नेमणूक मात्र राष्ट्राध्यक्ष करतात, म्हणून ही स्वायत्तता मला कागदावरच अधिक भक्कम दिसते. राजधानी दुशान्बे खोरोगपासून रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि मुरगाबच्या रहिवाशाला प्रांताच्या मुख्यालयी जायचे झाले, तरी आधी तीनशे किलोमीटर घाटरस्ता उतरावा लागतो.