किनमेनचं पोलाद

(ओहोटीची वेळ. किनाऱ्यावर तिरप्या रोवलेल्या लोखंडी रुळांच्या रांगा.)

वाळूतून वर आलेले हे लोखंडी रूळ. टोकं समुद्राकडे. किनाऱ्याला लागू पाहणाऱ्या होडीचा तळ फाटावा म्हणून रोवलेले. समोर धुक्यात दिसतात त्या उंच इमारती शियामेन शहराच्या. तिथं पीपल्स रिपब्लिक ऑफ चायनाचं राज्य. आपण उभे आहोत ते किनमेन बेट रिपब्लिक ऑफ चायनाच्या, म्हणजे तैवानची राजधानी तैपेई इथल्या सरकारच्या ताब्यात आहे. मध्ये पाणी काही किलोमीटरचंच. 1949 पासून आजवर या दोन सरकारांमध्ये ना तह झाला आहे, ना युद्धबंदीचा करार.

(किनमेनवरचं गुनिंगतौ. गोळ्यांनी चाळण झालेली भिंत.)

1 ऑक्टोबर 1949 ला बीजिंगमध्ये माओंनी नव्या राज्याची घोषणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांचं सैन्य रात्रीच्या अंधारात या किनाऱ्यावर उतरलं. ओहोटी लागली, होड्या वाळूत रुतल्या आणि दुसऱ्या तुकडीला आणायला एकही परत जाऊ शकली नाही. तीन दिवस घराघरांतून लढाई झाली. किनमेन पडलं नाही. डिसेंबरात, गृहयुद्धात माओंकडून हरलेल्या च्यांग काय-शेक यांचं सरकार तैपेईला आलं आणि तिथूनच सगळ्या चीनवर हक्क सांगू लागलं.

(लोहाराची कार्यशाळा. कोपऱ्यात गंजलेल्या तोफगोळ्यांचा ढीग.)

हे गोळे खरे आहेत. 23 ऑगस्ट 1958 च्या संध्याकाळी समोरून मारा सुरू झाला. 44 दिवसांत या बेटांवर 4 लाख 70 हजारांहून अधिक गोळे पडले. पुढे माऱ्याला वेळापत्रकच लागलं: फक्त विषम तारखांना. त्या काळातल्या पुष्कळ गोळ्यांत प्रचाराची पत्रकं भरलेली असत. अशा गोळ्याच्या ठिकऱ्या होत नसत. जाड कवच जवळजवळ अखंडच जमिनीत घुसायचं. लोक ते उकरून काढायचे, आणि इथल्या लोहारांना त्यात चांगलं पोलाद दिसलं.

(कारागिराचे हात. गॅसची ज्योत. भट्टी.)

कवचाचा आयताकृती तुकडा गॅसच्या ज्योतीनं कापून निघतो. भट्टीत लाल होतो, यांत्रिक घणाखाली जातो, पुन्हा भट्टीत, पुन्हा घणाखाली, पात्याचा आकार येईपर्यंत. मग त्याला पाणी दिलं जातं, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड केलं जातं. ते नीट बसलं नाही तर पातं मऊ राहतं नाहीतर ठिसूळ होतं, म्हणून इथं कारागीर घाई करत नाही, पोलादाच्या रंगावर नजर ठेवून थांबतो. शेवटी फिरत्या चाकावर धार, आणि मूठ.

एका कवचातून डझनावारी सुऱ्या निघतात. 2001 पासून शियामेनहून थेट बोट येते. तिकडून आलेले पर्यटक या सुऱ्या विकत घेतात आणि पोलाद जिथून आलं होतं तिथं घेऊन जातात.

(जुनं चित्रण. संयुक्त राष्ट्रांची आमसभा.)

संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा 1971 पर्यंत तैपेईकडे होती, सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यत्वासह. भारतानं बीजिंगला 1949 च्या डिसेंबरातच मान्यता दिली होती. वर्षावर्षाला बीजिंगच्या बाजूचे देश वाढत गेले. 25 ऑक्टोबर 1971 च्या रात्री ठराव क्रमांक 2758 मतदानाला आला. 76 बाजूनं, 35 विरोधात, 17 तटस्थ. मतदानाआधीच तैपेईचे परराष्ट्रमंत्री चौ शू-काय आपल्या शिष्टमंडळासह सभागृहाबाहेर पडले होते.

या ठरावाचा मजकूर वाचायला मिनिटभर पुरतं, आणि तो प्रत्येकानं वाचावा. चीनची जागा बीजिंगला द्या आणि च्यांग काय-शेक यांचे प्रतिनिधी काढून टाका, एवढंच त्यात आहे. तैवान बेट कुणाचं, याबद्दल एक अक्षरही नाही. तिथल्या सुमारे दीड कोटी लोकांना कुणी विचारलं नाही. बीजिंगनं नाही आणि च्यांग यांनीही नाही. बेटावर 1949 पासून लष्करी कायदा होता, तो 1987 ला उठला. मुख्य भूमीवर 1947-48 मध्ये निवडून आलेले प्रतिनिधी 1991 पर्यंत तैपेईत आपापल्या खुर्च्यांवर बसून होते. आज बीजिंग हाच ठराव पुढे करून सांगतं की तैवानचा प्रश्न कायमचा मिटला. आमच्या मते हे ठरावाच्या तोंडी घातलेलं बोलणं आहे.

(पुन्हा किनमेन. बेइशान इथली ध्वनिक्षेपकांची भिंत.)

काँक्रीटच्या या भिंतीत 48 ध्वनिक्षेपक आहेत. इथून पलीकडे भाषणं जायची, गायिका तेरेसा टेंग यांचा आवाज जायचा. पलीकडूनही उत्तर यायचं.

1 जानेवारी 1979 ला अमेरिकेनं तैपेईची मान्यता काढून बीजिंगला दिली. त्याच दिवशी बीजिंगनं किनमेनवरचा मारा थांबवल्याचं जाहीर केलं. गोळे थांबले आणि मान्यता गेली, एकाच तारखेला. किनमेनवर लष्करी राजवट मात्र 1992 पर्यंत राहिली.

(तैपेई, तियानमू. दूतावासांची इमारत, समोर ध्वजस्तंभांची रांग.)

तैपेईला मान्यता देणाऱ्या अनेक देशांचे दूतावास या एकाच इमारतीत आहेत. एखाद्या देशानं बाजू बदलली की त्याचा ध्वज इथून उतरतो. नाउरूनं 2002 मध्ये बाजू बदलली, 2005 मध्ये तो परत आला. 13 जानेवारी 2024 ला तैवानच्या सुमारे 1 कोटी 40 लाख मतदारांनी मत दिलं आणि लाई चिंग-ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. दोनच दिवसांनी नाउरूनं पुन्हा संबंध तोडले. तैपेईला मान्यता देणारे 12 देश उरले.

(रुग्णालयाचा दरवाजा. ये-जा करणारी माणसं.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेत तैवानला 2009 ते 2016 निरीक्षक म्हणून बसता आलं. 2017 पासून निमंत्रण बंद झालं, आणि 2020 मध्ये जग कोरोनाशी झुंजत असतानाही ते आलं नाही.