चुना, दगड आणि मार्चअखेर

(दृश्य: दगडी कचेरीची भिंत, जमिनीलगतचा भाग)

जमिनीपासून कमरेपर्यंत रंग सुटलेला, त्याखाली पांढरी खारट पूड. ठाण्यातल्या जुन्या सरकारी कचेऱ्यांत हे नेहमीचं दृश्य, आणि त्यावरचा उपायही ठरलेला: पोपडे खरवडा, सिमेंटचा गिलावा करा, वर प्लॅस्टिक पेंट मारा. दोन पावसाळे गेले की ओल हातभर वर सरकलेली असते.

काळा दगड पाणी फारसं पीत नाही. ओल येते-जाते ती दर्जांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, चुन्यातून. दर्जा सिमेंटने बुजवल्या की आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट उरत नाही. ते वर चढतं, सोबत क्षार नेतं, आणि सुकताना क्षारांचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात. खाडीकाठचं शहर, त्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. क्षारांना इथे तोटा नाही.

आणि ठाण्यात अशा भिंती भरपूर. आजचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. त्या सगळ्या काळात सिमेंट नव्हतं, काम चुन्याचंच. म्हणून दुरुस्तीही चुन्यानेच करायची, ती अशी.

(दृश्य: परांचीवर पाथरवट, छिन्नी-हातोडा)

परांची बांधून झाली की आधी थापीच्या दांड्याने भिंत वाजवून बघतात. बद्द आवाज आला की तिथला गिलावा सुटलेला. खडूने खूण करायची. खणखणीत वाजतो त्याला हात लावायचा नाही. मग दर्जांतलं सिमेंट काढायचं, तेही छिन्नीने. ग्राइंडर लावला की काम पटापट उरकतं, पण दगडाच्या कडा जातात, त्या परत येत नाहीत. दर्ज रुंद असेल त्याच्या दुप्पट खोल मोकळी करायची, निदान २५ मिलिमीटर. मग ब्रशने धूळ काढून गोड्या पाण्याने भिजवायची. कोरड्या दर्जेत चुना भरला तर त्यातलं पाणी लगेच ओढलं जातं आणि मालाचा भुगा होतो.

(दृश्य: चुन्याचा हौद)

हौदात आधी पाणी, त्यात थोडा थोडा कळीचा, म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न लागलेला, चुना. उलटं करायचं नाही. पाणी उकळायला लागतं, शिंतोडे उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. विरलेला चुना चाळून पाण्याखाली मुरत ठेवायचा, काही आठवडे तरी. घाई केली तर न विरलेले खडे राहतात, गिलाव्यात गेल्यावर फुगतात आणि भिंतीवर जागोजागी टिकल्या उडतात.

दर्जांसाठी साधारण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग रेती. सुरखी बेताच्या भाजलेल्या विटांची हवी. जळून काळी पडलेली वीट दळली तर ती नुसतीच धूळ, चुन्याशी तिचं काही जमत नाही. खाडीची रेती नको, आपणच भिंतीत मीठ भरण्यासारखं होईल. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे, पण गूळ जास्त झाला तर बुरशी धरते. जुन्या मालाचा तुकडा फोडून आधी बघावा, मग प्रमाण ठरवावं.

गिलाव्याचा थर १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड नाही. पहिला थर आवळला की दुसरा. त्यावर ओली गोणपाटं, नाहीतर उन्हाने तडे जातात.

(दृश्य: छप्पर, कौलं उतरवताना)

छपरात सुतार आधी तुळईची भिंतीत गेलेली टोकं टोच्याने टोचून बघतो. लाकूड कुजतं ते तिथेच, कारण तिथे हवा खेळत नाही. कुजका भाग कापून मुरलेलं सागवान तिरक्या सांध्याने जोडायचं आणि टोकाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवायची. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. मेख अशी की वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. म्हणून शाबूत जुनी कौलं सगळी एका उतारावर घ्यायची, नवी दुसऱ्यावर.

या कामाचे जाणकार हात थोडे उरलेत, आणि निविदा त्यांच्या सोयीची नसते. ब्रासच्या (शंभर चौरस फुटांच्या) भावाने काम दिलं की गवंडी जाड थर मारून मोकळा होतो. त्याला बोल का लावायचा? रोजंदारीने द्यावं, नमुन्यादाखल भिंतीचा एक चौकोन आधी करून घ्यावा. चुना पाऊस सरल्यावर लावायचा, पण कामाचा आदेश निघतो जानेवारीत आणि बिलं मार्चअखेर हवीत. म्हणून भिजवायचा खर्च वेगळा दाखवून चुना पावसाळ्यातच हौदात टाकलेला बरा.

नंतर दर मे महिन्यात पन्हळी साफ करायच्या, भिंतीवर रंग चुन्याचाच द्यायचा. आणि एसीच्या पाण्याची नळी भिंतीवर सोडायची नाही. बहुतेक कचेऱ्यांत ती नेमकी तिथेच सोडलेली असते.